गोळी टाकली आणि रंगच आला नाही

दुपारी दीडचा नमुना घेतला, त्यात डीपीडीची गोळी (पाण्यात क्लोरीन असेल तर गुलाबी रंग देणारी) टाकली, नळी हलवली आणि उजेडाकडे धरली. पाणी नितळ. गुलाबी छटा नावालाही नाही. सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाला ०.५, ०.६ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन असे आकडे येत होते आणि आता एकदम शून्य. एकचा नमुना जेवणाच्या गडबडीत राहून गेला होता, ही त्या दिवसातली माझी पहिली चूक.

आम्ही क्लोरीन सोडणारं एक छोटं यंत्र बनवत होतो. कल्पना साधी होती. पाण्याच्या मीटरवरून पल्स, म्हणजे विजेचे ठोके, घ्यायचे, त्यावरून प्रवाह काढायचा आणि त्या प्रमाणात हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाण्यात सोडायचं. पंप पेरिस्टाल्टिक निवडला होता आणि त्याला कारण होतं. हायपो डब्यात नुसतं ठेवलं तरी हळूहळू फुटतं, त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. पडदा हलवून ढकलणाऱ्या डायफ्राम पंपाच्या डोक्यात ते अडकले की पंप टकटक करत राहतो, पण पुढे काहीच जात नाही. पेरिस्टाल्टिकमध्ये रोलर रबरी नळी दाबत दाबत फिरतात, चिमटीत धरून नळी निपटावी तसं. बुडबुडा आला तर तोही पुढे ढकलला जातो. शिवाय हायपो नळीशिवाय कशालाच लागत नाही.

त्या दिवशी यंत्र पहिल्यांदा वर्कशॉपबाहेर, चाचणीच्या टाकीवर लावलं होतं. प्रवाह मिनिटाला ५० लिटर, डोस १.५ पीपीएम. आमचं हायपो पातळ करून एक टक्क्याचं केलेलं, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम क्लोरीन. हिशोबाने मिनिटाला ७.५ मिली जायला हवं. मेजरिंग सिलिंडर लावून दहा मिनिटं मोजलं, एकदा ७४ मिली भरलं, एकदा ७६. टाकी १,५०० लिटरची, म्हणजे पाण्याला क्लोरीनच्या संगतीत साधारण अर्धा तास मिळत होता. सकाळभर सगळं इतकं छान चाललं होतं की संध्याकाळी अहवाल कसा लिहायचा याचे विचार माझ्या डोक्यात सुरू झाले होते.

आणि आता रंग नाही.

इलेक्ट्रॉनिक्स बघणारी सहकारी म्हणाली, "सर, पंप फिरतोय. स्क्रीनवर ७.५ दाखवतंय. पाण्यातच काहीतरी आलं असेल, क्लोरीन खातंय." मला ते पटलं. कच्च्या पाण्यात अमोनिया किंवा सेंद्रिय घाण वाढली की क्लोरीन त्यातच खर्च होतं आणि मोजायला काही उरत नाही. मी डोस १.५ वरून ३ केला.

टाकीवरचे ऑपरेटर काका मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, माझे डोळे चुरचुरतायत. हे पाणी शून्याचं नाही."

मी म्हणालो, "काका, हायपोच्या कॅनचं झाकण सैल आहे, त्याचा वास असेल." त्यांनी झाकण पाहिलं, घट्ट होतं. तरीही मी हातातल्या नळीवर विश्वास ठेवला, त्यांच्या नाकावर नाही. हे आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं.

दहा मिनिटांनी पुन्हा नमुना घेतला. या वेळी गोळी टाकताना नजर हलवली नाही. गोळी तळाला टेकली, भोवती दाट गुलाबी धूर उठावा तसा रंग उठला आणि डोळ्यांदेखत विरून गेला. दोन-तीन सेकंदांचा खेळ. दीडच्या नमुन्यातही तो आला असणारच, फक्त तेव्हा मी लॉगशीटवर वेळ लिहीत होतो.

डीपीडी क्लोरीनशी भेटलं की गुलाबी होतं, पण क्लोरीन प्रमाणाबाहेर असेल तर ते त्या रंगालाच विरंजित करून टाकतं. कपड्यावरचा डाग जावा तसा रंग जातो आणि नळीत उरतं नितळ पाणी, अगदी शून्यासारखं दिसणारं. हे मी वाचलेलं होतं, नवख्या मुलांना शिकवलेलंही होतं.

मी ५ मिली नमुन्यात ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि नवी गोळी टाकली. रंग आला आणि टिकला. कंपॅरेटरवर, म्हणजे रंग ताडून पाहायच्या साधनावर, १.२. वीस पट पातळ केलेलं, म्हणजे टाकीत २४ पीपीएम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली कमाल मर्यादा ५ आहे. आणि मी नुकताच डोस दुप्पट केला होता.

"बंद कर," म्हणालो. तिने बटण दाबलं, मोटर थांबली. माझी नजर सहज हायपोच्या पारदर्शक नळीकडे गेली. आतले बारीक बुडबुडे पळतच होते. पंप बंद आणि हायपो चालू. काकांनी खिशातून चिमटा काढला आणि नळीवर लावला, तेव्हा कुठे बुडबुडे थांबले.

कॅनवर सोळा लिटरच्या आसपास पातळी दिसायला हवी होती, ती सातवर आली होती.

पंपाची पेटी उघडली तर आतून गरम वाफारा आला. हायपोच्या वाफेने सर्किट खराब होऊ नये म्हणून आम्हीच ती पेटी सील केली होती. पंप फिरवणारी स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) सावकाश फिरत असली, उभी असली तरी पूर्ण करंट घेते आणि तापते. त्या बंद पेटीत ती इतकी तापली होती की बोट टेकवत नव्हतं. रोलर धरणारी चौकट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापलेली होती आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. चौकट जेमतेम दीड मिलिमीटर वाकली होती. मी रोलर आणि नळीच्या मध्ये लॉगशीटचा कोपरा सरकवून पाहिला, तो आरपार गेला. म्हणजे रोलर फिरत होते, पण नळी दाबतच नव्हते. कॅन आम्ही पातळी नीट दिसावी म्हणून स्टुलावर ठेवला होता आणि हायपो सोडायची जागा त्याच्यापेक्षा हातभर खाली, दाब नसलेल्या पाइपात. सरळ सायफन लागला होता, म्हणजे हायपो वरून खाली आपोआप वाहत होतं, मिनिटाला साधारण १५० मिली. सायफन तोडणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह यादीत होता, "पुढच्या यंत्रात बसवू" असं मीच त्याच्यापुढे लिहिलं होतं.

पाणी चाचणीचं होतं, ते कुणाच्या नळाला जोडलेलं नव्हतं. तरी ते तसंच गटारात सोडता येत नाही, पुढे जिथे जाईल तिथले मासे आणि जिवाणू मरतात. सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरीन मारलं, जवळजवळ पाव किलो लागलं, आणि पातळ केलेल्या व न केलेल्या दोन्ही नमुन्यांत रंग येत नाही हे पाहूनच टाकी रिकामी केली.

त्या रात्री मला चौकटीपेक्षा स्क्रीन जास्त खुपत होती. ७.५ मिली प्रति मिनिट, असं ती मी डोस वाढवेपर्यंत दाखवत होती. यंत्राने एक थेंबही मोजलेला नव्हता. ते मोटरच्या फेऱ्या मोजत होतं आणि आम्ही त्यापुढे "मिली" लिहून ठेवलं होतं.

नव्या रचनेत मोटर पेटीबाहेर पत्र्यावर आली, करंट कमी केला आणि चौकट जास्त उष्णता सोसणाऱ्या एबीएस प्लास्टिकची केली. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसला, कॅन जमिनीवर आला. पण माझ्या लेखी खरी दुरुस्ती वेगळी आहे. पंप आता कॅनमधून ओढत नाही, ५०० मिलीच्या एका छोट्या भांड्यातून ओढतो. त्यात तासाभराचं हायपो मावतं. सगळे व्हॉल्व्ह आणि सगळं सॉफ्टवेअर फसलं आणि भांडं एकदम टाकीत रिकामं झालं, तरी ५ ग्रॅम क्लोरीन जाईल, म्हणजे ३.३ पीपीएम. आधीचं शिल्लक धरूनही पाचच्या आत. भांड्याखाली वजनाचा सेन्सर आहे. हिशोबापेक्षा ३० मिली जास्त गेलं की यंत्र थांबतं. नुसती मोटर थांबवून काय होतं ते आम्ही पाहिलं होतं, म्हणून वीज गेली तरी स्प्रिंगने नळी चिमटणारा व्हॉल्व्ह घातला, काकांच्या चिमट्यासारखाच.

दोन आठवड्यांनी त्याच टाकीवर आम्ही मुद्दाम बिघाड केला. भांडं उंचावर, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह काढलेला, चौकटीचे स्क्रू सैल. सायफन लागला, बुडबुडे पळाले, आणि तेराव्या सेकंदाला चिमटा खट्कन बसला. लॉगशीटवर आता गोळीच्या रकान्याआधी "वास" असा रकाना आहे. काकांनी नमुना नाकाजवळ नेला, "नेहमीचा" असं लिहिलं, मग गोळी टाकली. ०.७.

नळीचं मात्र अजून ठरत नाही. सिलिकॉनची लवकर कडक पडली म्हणून ती सोडली. आताची बरी आहे, पण रोलर जिथे दाबतात तिथे तिच्यावर पांढुरकी रेघ उमटायला लागली आहे. टेबलावर एक पंप रात्रंदिवस फिरत ठेवलाय आणि रोज सकाळी ती रेघ भिंगातून बघतोय.