तिकीट खिडकीवर दिलेले उत्तर

निपाणीतल्या एका जुन्या टॉकीजच्या तिकीट खिडकीवर मी बरीच वर्षे बसलो आहे. तिथे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न 'कसला हाय?' हा आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात द्यावे लागते: मारामारीचा, प्रेमाचा, देवाचा, भुताचा, हसायचा, रडायचा, तमाशाचा किंवा फॅमिली. समीक्षक ज्यांना चित्रपटप्रकार म्हणतात त्यांची आमच्या गिऱ्हाइकांनी केलेली ही वाटणी आहे, आणि आत बसून आपण काय करायचे आहे यावरून ती पडलेली आहे. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरचे 'यू' किंवा 'ए' हे अक्षर फक्त वयाचे सांगते. बाकीचे सांगण्याची जबाबदारी खिडकीवरच्या माणसावर येते, आणि शुक्रवार, 29 एप्रिल 2016 रोजी मी ती पार पाडली की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या दिवशी 'सैराट' लागला. वितरकाच्या माणसाने फोनवर 'लव्हस्टोरी आहे, गाणी हिट आहेत' एवढेच सांगितले होते. ही माणसे चित्रपट न पाहताच त्याचे वर्णन करतात, ही माझी जुनी तक्रार आहे. परंतु त्या दिवशी मलाही शंका आली नाही, कारण पोस्टरवर जोडी होती आणि रिक्षांमधून तीच गाणी वाजत होती. पहिल्या खेळाला विड्या वळणाऱ्या एक आज्जी दोन तरण्या नातींना घेऊन आल्या.

"कसला हाय रं लेकरा? पोरी संगट हायत."

"प्रेमाचा हाय आज्जी. गाणी भारी हायत. बसा निवांत."

मध्यंतरापर्यंत माझे उत्तर खरे ठरत होते. आमचा प्रेक्षक प्रकार ओळखतो तो अंगाने. ढोलकीची पहिली थाप पडली की फेटेवाले पुढे सरकून बसतात. 1975 च्या 'जय संतोषी माँ'ला बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, हे आमचे म्हातारे डोअरकीपर नेहमी सांगत. तसेच त्या दिवशी 'झिंगाट'ची पहिली ओळ ऐकताच पोरे खुर्च्या सोडून पडद्याखाली नाचायला गेली. आवाजाच्या बाबतीत आमचे ऑपरेटर फार काटेकोर आहेत. एरवी आवाज कमी-जास्त करणाऱ्या प्रोसेसरचा आकडा ते पाचच्या वर जाऊ देत नाहीत, पण त्या गाण्यापुरता त्यांनी तो सहावर नेला आणि संपताच आठवणीने खाली आणला. अजय-अतुल यांचा तो मोठा वाद्यमेळ आमच्या जुन्या स्पीकरांतून एकदाही न फाटता वाजला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मध्यंतरानंतर चित्रपट शहरातल्या झोपडपट्टीत जातो, गाण्यांचा भर ओसरतो आणि भाड्याची खोली, पोटापाण्याचे काम, नवरा-बायकोतली भांडणे सुरू होतात. नाचून बसलेली पोरे आता नव्या गाण्याची वाट पाहू लागली. मी दाराशी उभा होतो. शिट्ट्या थांबल्या होत्या, पण पुढे काय येणार याचा अंदाज कोणालाच नव्हता. याच दिग्दर्शकाच्या 2013 च्या 'फँड्री'च्या शेवटी पोराने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तो पाहिलेल्या माणसाने कदाचित ओळखले असते. मी तो पाहिला होता, तरीही खिडकीवर बसताना मला तो आठवला नाही.

शेवटी, मुलीच्या घरच्यांनी ज्यांना मारून टाकले त्या पळून आलेल्या जोडप्याचे लहान मूल घरात जाते आणि त्यानंतर आवाज पूर्ण बंद होतो. मी जिना चढून केबिनमध्ये धावलो. ॲम्प्लिफायरवरचे, आवाजाबरोबर लुकलुकणारे हिरवे दिवे एकदम विझलेले होते, ऑपरेटर केबिनमधल्या छोट्या स्पीकरला कान लावून उभे होते आणि त्यांचा दुसरा हात प्रोसेसरच्या बटणावर होता. एरवी दोन सेकंद आवाज गेला तरी खालून शिव्या आणि 'आवाऽऽज' अशी आरोळी येते. त्या दिवशी खालून काहीही आले नाही. काचेतून मी पडदा पाहिला, त्या मुलाची रक्ताने उमटलेली पावले पाहिली आणि मग ऑपरेटरांचा हात धरला. बिघाड नाही हे आम्हा दोघांच्या आधी सगळ्या थिएटरला कळले होते, आणि तेही असला शेवट ज्यात बसेल असा कोणताच खण हाताशी नसताना.

माणसे बाहेर पडली ती हळू चालत, एकमेकांकडे न बघता. आज्जी खिडकीशी येऊन थांबल्या. एका नातीचे मनगट त्यांनी घट्ट धरले होते. मला वाटले, त्या पैसे परत मागतील.

"प्रेमाचा म्हनलास की रं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मी खोटे बोललो नव्हतो. चित्रपट प्रेमाचाच आहे. पण 'रडायचा' म्हणून आत सोडले असते, तर तीच माणसे पहिल्या गाण्यापासून रुमाल काढून, मन आधीच घट्ट करून बसली असती, आणि तो शेवट त्यांना लागला तसा लागला असता असे मला वाटत नाही. दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या त्या ओळखीवरच चित्रपट उभा केला आहे, आणि नकळत मी त्याला साथ दिली. मात्र नातींना घेऊन आलेल्या बाईला आधी सांगायला हवे होते, असेही वाटते. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एकाने बायको-पोरांसह येऊन विचारले, "कसला हाय?"

"शेवटपर्यंत बसा," मी म्हणालो.

"म्हंजे रडायचा?"

"तसा नाही."

"मग कसला?"

मागची माणसे ढकलू लागली होती. मी चार तिकिटे फाडून दिली.