बसमधून ‘गेट डाऊन’ की ‘गेट ऑफ’?

आपण बसमधून उतरतो, रिक्षातून उतरतो, सायकलवरून उतरतो आणि चिंचेच्या झाडावरूनही उतरतो. मराठीला एवढ्या सगळ्यांसाठी एकच क्रियापद पुरतं. त्यामुळे इंग्रजी बोलताना सगळीकडे ‘गेट डाऊन’ तोंडात येतं. भारतात ते खपतं, पण इंग्रजीची मूळ रीत वेगळी आहे. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्यातून ‘गेट ऑफ’: बस, रेल्वे, विमान, बोट. ज्यावर टांग टाकून बसतो त्यावरूनही ‘गेट ऑफ’: सायकल, मोटारसायकल, घोडा. मोटार आणि रिक्षातून मात्र ‘गेट आउट ऑफ’. ‘गेट डाऊन’ राहतं शिडी, झाड, भिंत, छप्पर यांच्यासाठी. नुसतं ‘गेट डाऊन!’ असं ओरडलं तर परक्या माणसाला ते ‘खाली वाक, आडोसा घे’ असं ऐकू येतं. परदेशी पाहुण्याला सांगली स्टँडवर उतरायला सांगायचं असेल तर ‘वुई गेट ऑफ हिअर’ म्हणा.

‘डाऊन’ या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून. बोलता बोलता त्याचं ‘अडूने’ झालं आणि पुढे पहिला ‘अ’ही गळून ‘डाऊन’ उरलं. म्हणूनच इंग्लंडच्या दक्षिणेला ‘साऊथ डाऊन्स’ नावाच्या चक्क टेकड्या आहेत. दंडोबाच्या डोंगरावरून पायी येणारा माणूस या शब्दाच्या अगदी मूळ अर्थाने ‘डाऊन’ येत असतो. (पिसांच्या मऊ गादीतलं ‘डाऊन’ वेगळं, ते नॉर्स भाषेतून आलं.)

रेल्वेतल्या ‘डाऊन’चा उंचीशी काही संबंध नाही. मध्य रेल्वेवर मुंबईहून निघालेली गाडी डाऊन आणि मुंबईकडे जाणारी अप. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आणि मुंबई समुद्राकाठी, तरी सांगलीहून मुंबईला निघालेली गाडी ‘अप’च. मुख्य ठिकाणाकडे जाते ती अप, तिथून दूर जाते ती डाऊन, एवढंच.

मराठीत जे जे उतरतं त्यातलं पुष्कळ इंग्रजीतही ‘डाऊन’ येतं. ताप उतरला, सूज उतरली, पुराचं पाणी उतरलं: तिन्हीकडे ‘हॅज गॉन डाऊन’ चालतं. रंग उतरला तर मात्र ‘फेडेड’, ट्रकमधून पोती उतरवली तर ‘अनलोडेड’. निवडणुकीत तर उलटाच प्रकार आहे. आपल्याकडे माणूस रिंगणात उतरतो, इंग्रजीत तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. ‘स्टँड डाऊन’ केलं तर त्याने माघार घेतली.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे ‘डाऊन बाय’ आणि ‘डाऊन टू’. ‘बाय’ किती कमी झालं ते सांगतं, ‘टू’ कुठवर आलं ते सांगतं. समजा, हळद क्विंटलला 15,000 वरून 14,500 वर आली. हे ‘डाऊन बाय 500’ किंवा ‘डाऊन टू 14,500’. ‘डाऊन टू 500’ लिहिलंत तर व्यापाऱ्याला घाम फुटेल. पुराच्या दिवसांत ही चूक आणखी महागात पडते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. पाणी 45 वरून 40 वर आलं तर ‘डाऊन बाय 5 फीट’. ते ‘डाऊन टू 5 फीट’ म्हणून कुणी पुढे पाठवलं, तर पूर ओसरला असं समजून माणसं घरी परततील, आणि नदी तर अजून इशाऱ्याच्याच पातळीवर.

‘कट डाऊन’मध्येही एका छोट्या शब्दाने अर्थ फिरतो. ‘कट डाऊन द ट्री’ म्हणजे झाड तोडलं. ‘कट डाऊन ऑन टी’ म्हणजे चहा कमी केला. तोडून तुकडे केले तर ‘कट अप’. घर जळून भुईसपाट झालं तर ‘बर्न्ड डाऊन’.

वाक्यरचनेत दोन ठिकाणी आपण नेहमी अडखळतो. ‘ते लिहून घे’ हे ‘राइट इट डाऊन’. ‘राइट डाऊन इट’ चुकीचं, कारण ‘इट’, ‘देम’सारखी सर्वनामं मध्येच बसतात. नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘राइट डाऊन द नंबर’, ‘राइट द नंबर डाऊन’. दुसरं, ‘खाली जा’ याला ‘गो डाऊन’ किंवा ‘गो डाऊनस्टेअर्स’. मध्ये ‘टू’ घालायचं नाही, दिशा त्या शब्दातच आहे. ‘डिसेंड डाऊन’सुद्धा टाळा. ‘डिसेंड’मध्ये खाली येणं आहेच, शिवाय तो शब्द विमानाच्या घोषणेत शोभतो. जिन्यावरून हाक मारताना ‘कम डाऊन’ पुरे.