समासातले शेरे

रविवार, रात्री साडेनऊ

आज चर्चमध्ये उपकारस्तुतीचा लिलाव होता, म्हणजे लोकांनी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा. एकच नारळ तीनदा विकला गेला. पहिल्यांदा दीडशेला गेला, घेणाऱ्याने तो परत वेदीपुढे नेऊन ठेवला. मग दोनशेला गेला, पुन्हा परत. शेवटी आमच्या ह्यांनी सव्वातीनशेला घेतला आणि तेही ठेवायला निघाले होते, मी डोळे वटारले म्हणून तो घरी आला. सोबत पाच किलोची गुळाची ढेप, शेवग्याच्या शेंगा आणि एक कोंबडी. कोंबडीवर आम्ही बोली लावलीच नव्हती. मी पदर सारखा करायला हात वर केला, तर पुकारणाऱ्या काकांनी "वहिनींचे चारशे!" म्हणून टाकलं. आता ती बाल्कनीत डालग्याखाली आहे आणि आमच्याइतकीच गोंधळलेली आहे.

दुपारी पडल्या पडल्या धाकट्याचा पुण्याहून फोन. माहेरच्या चर्चची स्मरणिका निघतेय. "ताई, तू दोन पानं लिही. जुना इतिहास. पाळकांची यादी, फोटो सगळं आहे. देणगीदारांचं पान वेगळं." म्हणजे इतिहास त्यांच्याकडे तयारच आहे, वर घालायला कोथिंबीर तेवढी मी द्यायची.

माहेर पुण्यातलं, मेथडिस्ट पंथाचं; सासर इथल्या, कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चचं. लग्न ठरलं तेव्हा आजेसासूबाईंनी मला जवळ बसवून विचारलं होतं, "तुमच्यात बिशप पहिल्यापासनं हाय म्हणं? आमच्यात मागनं आला." त्या प्रेस्बिटेरियन वळणात वाढलेल्या, जिथे कारभार बिशप नाही तर निवडलेले वडील बघतात; त्यांच्या लेखी चर्च म्हणजे ही वडील मंडळी, बिशप म्हणजे नवी सून. १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आमचे अमेरिकन मुळाचे मेथडिस्ट त्या बोलण्यांत अगदी शेवटपर्यंत होते आणि ऐनवेळी बाहेर राहिले. वडील त्यावर कधी चिडून, कधी हसून बोलायचे. मला काही फरक पडला नाही. गाणी तीच, पेटी-तबला तोच, आणि दाराशी "सलाम" म्हणून हात पुढे करणारी माणसंही तशीच.

स्मरणिकेत काय काय येणार ते मला पाठ आहे. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर मुंबईत आले, तिथून मेथडिस्ट काम या भागात पसरलं, वगैरे. इकडचंही असंच पाठ. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या मिशन बोर्डाने इथलं काम बंद केलं, तरी हा गृहस्थ १८६१ मध्ये कुणाच्या पाठबळाशिवाय परत आला. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच कोल्हापुरात जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी करून गेला. हे सगळं खरं आहे, मोठंही आहे. बोर्डाला न जुमानता परत येणारा माणूस तर मला आवडतोच. पण फोन ठेवल्यावर मला आठवली ती आजोबांची वही.

आजोबा क्लास लीडर होते. ही मेथडिस्टांची जुनी रीत, आणि ती निघाली कर्जातून. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा ठरलं की दर माणशी आठवड्याला एक पेनी, आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे मागायला दारात गेलं की कळायचं, कोण आजारी, कोण दारू प्यायलंय, कुणाची चूल बंद. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याला कर्जापेक्षा हेच मोलाचं वाटलं आणि कर्ज फिटल्यावरही ती रीत चालू राहिली.

आजोबा खडकीला कारखान्यात होते. रविवारी उपासनेनंतर सायकलवर टांग टाकून निघायचे. वही लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. डावीकडे नावं, मग रकाने, रकान्यांवर आधी 'आणे' आणि पुढच्या पानांवर ते खोडून 'न. पै.', म्हणजे नवे पैसे. आम्ही पोरं त्या 'न. पै.'ला नपै म्हणून हसायचो. उजवीकडच्या समासात बारीक अक्षरात शेरे. 'ताप.' 'माहेरी.' 'अंडी ३ दिली.' 'भांडण, परत जाणे.'

आणि १६ जुलै १९६१ चं पान. पानशेत बुधवारी फुटलं, हा त्यानंतरचा रविवार. नदीकाठच्या एका घराच्या नावापुढे रकाना कोरा आणि समासात: 'घर गेले. घेतले नाही. चादरी २ दिल्या.' पुढच्या रविवारी 'घेतले नाही.' त्याच्या पुढच्याही. असं सप्टेंबरपर्यंत. मग एका रविवारी रकान्यात ५, आणि शेरा: 'आग्रहाने दिले.'

लहानपणी ते पान मी किती वेळा उलटलं असेल, काही वाटलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पंचगंगा चढली. नदीकडच्या एका मावशी आमच्याकडे आठ दिवस राहिल्या आणि जाताना देवळीत पन्नासची नोट ठेवून गेल्या. मी ती परत द्यायला त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. त्यांनी काही ती घेतली नाही. चिडल्याच थोड्या. तेव्हा मला तो पाचाचा आकडा आठवला होता.

आजच्या लिलावात त्या मावशींनी शेंगांची जुडी आणली होती. आपल्या परड्यातली. तीच आपल्याकडे आली आहे, उद्या आमटीत घालेन.

धाकट्याला सकाळी फोन करायचा. वही आईच्या ट्रंकेत, खालच्या कप्प्यात, जुन्या परकराच्या घडीत आहे. देणगीदारांच्या पानासमोर ते पान छाप म्हणावं, नाव झाकून. आणि स्कॅन करणाऱ्याला बजाव, कडा कापू नकोस.