तुम्ही विचारलंत म्हणून: वन-रूम-किचनमध्ये सायकलची चेन धुवायची कशी?

"घर लहान आहे, गॅलरीत वॉशिंग मशीन बसवलंय, सोसायटीच्या आवारात सायकल धुवू देत नाहीत. चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) काळंकुट्ट झालंय. पेट्रोलने दोन मिनिटांत निघतं म्हणतात. मोरीत बसून केलं तर चालेल का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न सतत येतो. त्यातल्या पेट्रोलचं उत्तर आधी देऊन टाकतो. घरात पेट्रोल नको. खिडकी उघडी ठेवून नको, आणि एक वाटीभरही नको.

पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. म्हणजे आपल्याकडे कुठल्याही ऋतूत उघड्या वाटीवर ठिणगी पडली की पेटेल अशी हवा तयारच असते. ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असल्यामुळे खिडकीतून वर निघून जात नाही. ती फरशीवरून सरकत दाराखालच्या फटीतून पुढच्या खोलीत पोचते, आणि तिथे शेगडी असते, देवापुढचं निरांजन असतं, आपोआप चालू-बंद होणारा फ्रिजचा स्विच असतो. कित्येक मोऱ्यांमध्ये गॅस गीझर लावलेला असतो. त्याची नळी स्वयंपाकघरात गेलेली असेल, तर तिथे कुणी गरम पाण्याचा नळ सोडल्याबरोबर गीझर मोरीत पेटतो, आणि तुम्ही त्याच्याखाली बसलेले असता. शिवाय पेट्रोलमध्ये थोडं बेंझीन असतं, जे कर्करोगाला कारण ठरतं. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर याच वर्गातला, वर तो फ्रेमचा रंग आणि प्लास्टिकही खातो.

मग वापरायचं काय? रॉकेल, किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन. दोन्हींची वाफ पेट घेण्याइतकी सुटायला साधारण ३५ ते ४० अंश तापमान लागतं. पुण्यात डिसेंबरमध्ये हा फरक मोठा आहे, पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ४० अंशांवर गेलेली असते, तेव्हा रॉकेललाही पेट्रोलइतकंच जपावं लागतं. तिकडे हे काम सकाळी लवकर करा. कुठेही करा, शेगडी, दिवा, उदबत्ती, गीझर सगळं बंद असू द्या, आणि पंख्याचा झोत खोलीतून बाहेर जाईल असा ठेवा.

लहान घरात खरी सुरक्षितता येते ती द्रव कमी वापरल्याने. घमेलंभर रॉकेलमध्ये अख्खी चेन बुडवून ब्रशने घासायची पद्धत गॅरेजच्या ओट्यावर ठीक आहे. दहा बाय दहाच्या खोलीत उघड्या घमेल्याचा पृष्ठभागच तुमचा शत्रू आहे: वास, वाफ, उडणारे शिंतोडे, लवंडण्याची भीती, सगळं तिथूनच येतं. म्हणून आधी कोरडी सफाई करायची आणि उरलेलं काम झाकणाच्या बरणीत.

कोरड्या सफाईला लोक कमी लेखतात. फरशीवर जुना फ्लेक्स अंथरा. त्यातून तेल झिरपत नाही, खालच्या बाजूला डाग जात नाही. त्यावर चार पदर वर्तमानपत्र. सायकल उभी करून जुन्या सुती बनियनच्या चिंधीत चेन पकडा आणि पेडल उलटं फिरवा, चिंधीची जागा बदलत राहा. गिअरच्या सायकलला मागे चेन ताणून धरणारी दोन छोटी दातेरी चाकं असतात, त्या जॉकी व्हीलच्या दातांवर काळ्या मळीचा कडक थर बसतो, तो आइसक्रीमच्या लाकडी काडीने खरवडला की पापुद्रे सुटून पडतात. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या, चकत्यांमध्ये जुन्या टी-शर्टची दोन बोटं रुंद पट्टी घालून पुढे-मागे ओढा. पट्टी ओढली की चकतीही फिरते आणि कड स्वच्छ निघते. एवढ्यानेच बहुतेक मळ जातो, एक थेंबही रॉकेल न लागता.

राहतो तो चेनच्या आतला मळ, आणि चेन झिजवतो तोच. धूळ, तेल आणि झिजलेल्या पोलादाचा कीस यांची जी काळी पेस्ट होते ती रोलर (कडीतला फिरणारा गोल) आणि पिन (तो जिच्यावर फिरतो ती बारीक सळई) यांच्या मधे बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. बाहेरून चकचकीत पुसलेली चेनसुद्धा हातात घेऊन वाकवली की करकरते, ती यामुळे.

धुण्याआधी मोजून घ्या, नाहीतर फेकण्याच्या चेनवर मेहनत जाईल. इंचाची स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून ताणलेल्या चेनवर धरा. नव्या चेनमध्ये २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर नवी चेन घ्या. १/८ इंच पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातही झिजलेले असणार, आणि त्यावर नवी चेन उड्या मारेल.

चेन काढताना जोड कुठला आहे ते बघा. गिअरच्या सायकलला मिसिंग लिंक (चेन उघडता यावी म्हणून असलेली जोडकडी) असेल तर पकडीने दोन्ही टोकं आत दाबून सुटते. १० स्पीड (मागे दहा चकत्या) आणि पुढच्या कित्येक लिंक एकदाच वापरायच्या असतात, तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि नवी आधी आणून ठेवा. साध्या काळ्या सायकलला क्लिपचं लॉक असतं. परत लावताना क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने चालते त्या दिशेला हवी. उघडी बाजू पुढे ठेवली तर कशाला तरी अडकून क्लिप उडते आणि चेन रस्त्यात सुटते.

आता बरणी. रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची, एक लिटरची जाड प्लास्टिकची बरणी घ्या. काच नको, तेलकट हातातून निसटते. पाण्याची किंवा सरबताची बाटली तर मुळीच नको. बाटलीतलं रॉकेल पाणी समजून पोर पितं, असे प्रसंग आपल्याकडे घडत आले आहेत. तसं झालंच तर उलटी करवू नका, कारण उलटीतून रॉकेल फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त. थेट दवाखाना गाठा. बरणीवर मार्करने ठळक अक्षरांत नाव लिहा.

चेन बरणीत टाकून ती जेमतेम बुडेल इतकंच टर्पेंटाइन ओता, २०० ते २५० मिली पुरतं. झाकण लावून, वर चिंधी गुंडाळून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. दहा मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. काळं झालेलं दुसऱ्या बरणीत ओतून ठेवा आणि १०० मिली ताजं घालून दुसरी फेरी करा. दुसऱ्या फेरीतही काळंच निघालं तर तिसरी. चेन बाहेर काढून कानाजवळ वाकवली की वाळूची करकर ऐकू यायला नको, ही खरी परीक्षा. हातात नायट्राइलचे निळे मोजे घाला, कारण भांडी घासायचे रबरी मोजे रॉकेलने फुगतात. उघड्या हाताने केलं तर कातडीतलं तेल निघून भेगा पडतात.

गॅलरी अजिबात नसेल, घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल, तर टर्पेंटाइनही सोडा. त्याच बरणीत अर्धा लिटर कोमट पाणी आणि दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड घालून चार-पाच फेऱ्या करा. वेळ लागतो, पण होतं. यात दोन गोष्टी बिघडतात. कढत पाणी घालून बरणी हलवली की आत दाब वाढतो आणि झाकण सुटून काळं पाणी भिंतीवर जातं. म्हणून पाणी कोमटच घ्या आणि मधूनमधून झाकण सैल करा. दुसरं, रात्रभर भिजत ठेवली की सकाळी चेनवर तांबूस गंज. धुतल्याबरोबर स्वच्छ पाण्यातून काढा, फडक्यात गुंडाळून झटका, पंख्याखाली टांगा, आणि पूर्ण कोरडी झाली की लगेच तेल द्या. गॅसवर धरून वाळवू नका.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब. पूर्ण चेनला पाच-सहा मिली पुरतं. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. घरातलं गोडेतेल, करडई, जवस लावू नका. ही तेलं हवेत वाळून चिकट थर धरतात, आणि तो रॉकेलनेही लवकर निघत नाही. नवी चेन मात्र धुऊ नका. कारखान्यातून आलेलं तिचं ग्रीस आतपर्यंत गेलेलं असतं.

काही भाग बरणीत जात नाहीत. फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवलं की आतल्या खटक्यांचं आणि छर्‍यांचं ग्रीस धुऊन जातं, आवाज वाढतो आणि काही दिवसांत ते अडकायला लागतं. ते बाहेरून ब्रशने आणि पट्टीनेच करायचं. सीलबंद बेअरिंगचंही तसंच. डिस्क ब्रेक असेल तर काम करताना डिस्क आणि पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. एकदा पॅडमध्ये तेल शिरलं की ब्रेक लागत नाही, आणि धुऊन ते सहसा निघतही नाही.

मोरीत हाताशी असतं म्हणून लोक टॉयलेट क्लीनर वापरतात. त्यातल्या आम्लाने चेनचं कठीण पोलाद ठिसूळ होतं आणि जोर लावल्यावर कडी तुटू शकते. नाली साफ करायच्या कॉस्टिकने ॲल्युमिनियमचे भाग काळे पडून खाल्ले जातात. आणि आम्लाचा टॉयलेट क्लीनर ब्लीचबरोबर एकत्र आला की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा आहे.

वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका. वाफ जाळीतून वर येते आणि तेल नाल्यातून नदीत जातं. बंद बरणीत दोन-तीन दिवस न हलवता ठेवा. गाळ तळाशी बसतो आणि वरचं पिवळसर टर्पेंटाइन हलकेच ओतून घेतलं की पुढच्या वेळी पहिल्या फेरीला चालतं. तळाचा गाळ लाकडाच्या भुशात किंवा वर्तमानपत्रात शोषवून वेगळ्या पुडीत बांधा. ओला आणि सुका सोडून घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा असतो, पुडी त्यात जायची. साबणाचं काळं पाणीही असंच ठेवून गाळ वेगळा काढा. भिजलेल्या चिंध्या पिशवीत कोंबून ओट्याखाली ठेवू नका. ग्रिलवर किंवा गच्चीत एकेक पसरून वाळवा, मग त्याच पुडीत घाला. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकते.

घरात साठा अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. तो सिलिंडरच्या खोलीत ठेवू नका, तापणाऱ्या माळ्यावरही नको. चपलांच्या कपाटाचा वरचा, कुलूपबंद कप्पा चालेल.