शेवटची आई येईपर्यंत: आमची वाटचाल

डोंबिवली पूर्वेला १९९८ साली आम्ही मुलं सांभाळायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या भागात पाळणाघरं होती, पण सगळी तान्ह्यांची. मूल पहिलीत गेलं की तिथल्या बायका म्हणायच्या, "आता शाळा आहे की!" शाळा असते किती वेळ? पुढे २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत. भागाकार केला की दिवसाला चार तास येतात. फोर्टात नोकरी करणारी डोंबिवलीची आई सकाळी साडेसातला घर सोडते आणि संध्याकाळी साडेसातच्या आत काही घरी पोचत नाही. उरलेले आठ तास मुलानं कुठं काढायचे, याचं उत्तर कुठल्याच सरकारी योजनेत मला आजवर सापडलेलं नाही. अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं. पण कचेरीतलं पाळणाघर दुसरीतल्या मुलाच्या काय कामाचं? सकाळच्या लेडीज डब्यात बाईलाच पाय टेकायला जागा नसते, तिथं दप्तरासकट मूल कसं चढवायचं?

म्हणून सहा ते बारा वयाची मुलं आम्ही आमची मानली. इतरांनी नको म्हटलेली.

भागीदार म्हणजे शेजारच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या. गॅस, भांडी, सतरंज्या माझ्या. गुमास्ता परवाना माझ्या नावावर, हिशेब त्यांच्या हातात, आणि उरेल त्यात निम्मं निम्मं. कागदावर काहीच लिहिलं नव्हतं, तरी त्या पुण्याला मुलाकडे राहायला जाईपर्यंत आमच्यात पैशावरून एक शब्द झाला नाही.

बाईंनी सुरू केलेली वही आजही आमच्याकडे चालते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात खतावणीला असते तसली. रकाने बाई स्वतः पट्टीनं आखायच्या: मुलाचं नाव, शाळा सकाळची की दुपारची, रिक्षावाले काका कोण, आईची नेहमीची गाडी, नेणारं पहिलं माणूस, नेणारं दुसरं माणूस, वेळ, सही. गाडीचा रकाना पाहून नवे पालक हसायचे. त्यांना वाटायचं, मूल सांभाळण्याशी लोकलचा काय संबंध? सगळाच संबंध आहे. कोणती आई ठाण्याला बदलून येते, कोणती कसारा गाडीनं येते, हे आम्हाला पाठ होतं. भिंतीवर मध्य रेल्वेचं वेळापत्रक असायचं, आता मोबाइलवर एम-इंडिकेटर आहे, पण वही काढलेली नाही आणि काढणारही नाही. दुसऱ्या माणसाचा रकाना पालक रिकामा सोडतात, तो कधीही सोडू नका. आजोबांचं नाव लिहिताना आजोबा जिना चढू शकतात का, हेही बघा.

हा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना दोन पाळ्यांचं गणित सांगायला नको. सकाळच्या शाळेची मुलं साडेबाराला जेवायला येतात आणि दुपारच्या शाळेची त्याच वेळी डबे घेऊन निघतात. त्या अर्ध्या तासात दाराशी चपलांचा ढीग, रिक्षाचे हॉर्न, एकाचा बूट दुसऱ्याच्या पायात. दोन मावशी कमी पडतात, तीन लागतात. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी भाड्यात वाचवावं, पण त्या तिसऱ्या मावशीत वाचवू नये.

आमच्या सगळ्यात जुन्या पालक म्हणजे रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करणाऱ्या एक ताई. त्यांची ड्युटी फिरती, नवरा रात्रपाळीला. कुठल्याही ठरलेल्या वेळेच्या जागेत त्यांचं मूल बसत नव्हतं. आमच्याकडे आधी मुलगी आली, मग मुलगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद झाल्या आणि आमच्या निम्म्याहून जास्त आया तिकडेच अडकल्या. मोबाइल लागत नव्हते. आमचा जुना काळा फोन चालू होता. या ताईंचा फोन आला, "माझं सोडा, बाकीच्यांना निरोप सांगा, गाड्या आज सुटत नाहीत." आम्ही खिचडी टाकली, बाईंनी शुभंकरोती म्हणून घेतली, मग पाढे, मग गोष्टी. रात्री मुलं सतरंजीवर आडवी झोपवली. दुसऱ्या दिवशी आया येत राहिल्या, काही रुळांवरून चालत. एकाही आईनं आल्या आल्या "माझं मूल कुठंय?" असं विचारलं नाही. ते कुठं असणार हे त्यांना माहीत होतं, आणि ही गोष्ट मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

मधली वर्षं चांगली गेली. त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या नव्या इमारतीत मुलं सांभाळणाऱ्या एका साखळीची शाखा आली. नाव घेत नाही. वातानुकूलित खोल्या, रंगीत गाद्या, अबॅकस, वैदिक गणित, आणि आईला कचेरीतून फोनवर मूल दिसेल असा कॅमेरा. याला माझी हरकत नव्हती. ज्याला परवडतं त्यानं जावं. पण त्यांनी प्रवेशाच्या ऐन दिवसांत आमच्या दोन मावशी जास्त पगार देऊन नेल्या. माझ्या हाताखाली शिकलेल्या, मुलांच्या आवडीनिवडी पाठ असलेल्या. मावशींना मी दोष देत नाही, त्यांनाही घर चालवायचं होतं. पण मग साखळीवाले पालकांना सांगायला लागले, "समोर कॅमेरा नाही, तिथं काय चालतं कोणाला ठाऊक?" इतकी वर्षं उघड्या दारानं चालवलेल्या जागेबद्दल हे बोललं गेलं. मला ते अजून विसरता येत नाही.

जूनमध्ये निम्मी मुलं गेली. जी राहिली त्यांत बहुतेक घरकाम करणाऱ्या बायकांची. त्यांच्याकडून आम्ही महिन्याची फी घेत नव्हतो, आठवड्याला जमेल तशी घ्यायचो. बाई तोवर पुण्याला गेल्या होत्या, खोल्यांचं भाडं आता त्यांच्या मुलाला द्यायचं होतं. माझ्या बांगड्या बँकेत गेल्या. यजमान म्हणाले, "बंद कर, तू खूप केलंस." तिकीट खिडकीवरच्या ताईंची मुलं तेव्हा मोठी झाली होती, त्यांना आमची गरज उरली नव्हती. तरीही त्यांनी त्यांच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये सांगितलं आणि नव्या आया घेऊन त्या स्वतः दारात आल्या. त्या वर्षी भाडं निघालं ते त्यांच्यामुळे.

समोरच्यांचा एक नियम होता: सात वाजता बंद. पुढच्या प्रत्येक पाव तासाला दंड. आता डोंबिवलीच्या आईनं सातला पोचायचं तर तिनं साडेपाचच्या आत कचेरी सोडायला हवी, आणि गाडी वेळेवर हवी. पावसाळ्यात किती दिवस असं होतं? हा दंड आईला नव्हता, मध्य रेल्वेवर राहण्याचा होता. चांगल्या पगाराची बाई तो भरू शकते. दुकानात काम करणारी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी नाही भरू शकत. ती मग मुलाच्या गळ्यात किल्ली अडकवते. शाळा सुटल्यावरच्या सोयी गावात आहेत की नाहीत एवढंच मोजून चालत नाही. त्या किती वाजता बंद होतात, हे आधी विचारावं.

२९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तसाच पाऊस. पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन होतं. संध्याकाळी गाड्या थांबल्या. साडेसातला समोरचा वॉचमन मुलांना घेऊन आमच्या दारात उभा. त्यांच्या शाखेतून पालकांना फोन गेले होते की कर्मचारी निघतायत, सोय करा. आणि पालकांनी अडकलेल्या गाडीतून मला फोन केले होते. मी सगळ्यांना आत घेतलं. वहीत नावं लिहिली, नेणारं पहिलं माणूस, दुसरं माणूस. उकडीचे मोदक शिल्लक होते, ते वाटले.

त्यातली काही मुलं आमच्याकडे राहिली. बरीच परत तिकडेच गेली, कारण उन्हाळ्यात गार हवा कोणाला नको असते? त्या शाखेनं कधी आभाराचा फोन केला नाही. पुढे टाळेबंदीत भाडं परवडेना म्हणून त्यांनी गाशा गुंडाळला. आम्हीही मार्च २०२० पासून बंदच होतो. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या, तेव्हा परिचारिकांच्या मुलांचा प्रश्न आला. त्यांच्या घरी जाऊन आमच्या मावशी बसल्या. तो काळ तसाच निघाला.

आता नवी अडचण आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मुलांना झोप मिळावी, याबद्दल दुमत नाही. पण आई साडेसातला निघते. साडेसात ते नऊ मूल कोणाकडे? ज्या शाळांनी वेळ बदलली त्यांची मुलं आता आमच्याकडे झोपेतून उठूनच येतात, दात घासायला, दूध प्यायला. आम्ही पावणेसातला उघडतो. आयांनो, ब्रश आणि टॉवेल नाव घालून द्या, आणि महिन्याची फी पाच तारखेपर्यंत जमत नसेल तर मूल पाठवणं बंद करू नका, येऊन सांगा.

माझ्या खोल्यांत आता आणखी मुलं मावत नाहीत आणि रोज कोणाला तरी नाही म्हणावं लागतं. जवळच्या सरकारी शाळेचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. पंखे आहेत, पाणी आहे, मुलींचं स्वच्छतागृह आहे, अंगण आहे. मी लेखी मागणी केली आहे: शाळा सुटल्यापासून रात्री साडेआठपर्यंत दोन वर्ग द्या, मावशी आमच्या, खाऊ आमचा, झाडलोट आमची, वीजबिलाचा वाटा भरू, आणि त्याच शाळेतल्या मुलांकडून एक पैसा घेणार नाही. संबंधित कार्यालयानं अर्जावर शिक्का मारून पोच दिली. उत्तर आलेलं नाही. जूनच्या आत आलं नाही तर त्या शाळेतल्या आयांच्या सह्या घेऊन मी पुन्हा जाणार आहे, आणि सह्या गोळा करायचं काम तिकीट खिडकीवरच्या ताईंनी, आता निवृत्त झाल्यात, स्वतःकडे घेतलं आहे.