आयबोगेनने तलफ थांबते, त्यानंतरचे काय?

मध्य आफ्रिकेतील गॅबॉन या देशात आयबोगा नावाचे झुडूप वाढते आणि तेथील ब्विती परंपरेत त्याच्या मुळाची साल दीक्षाविधीत पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते. त्या सालीतील आयबोगेन या द्रव्याकडे व्यसनावरचा उपचार म्हणून लक्ष वेधले गेले ते हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकी तरुणामुळे. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या लॉट्सॉफने १९६२ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ते घेतले आणि अंमल उतरल्यावर त्याच्या लक्षात आले की, हेरॉइन बंद झाल्यावर हमखास होणारा त्रास झालाच नव्हता आणि तलफही उरली नव्हती.

या अनुभवाचे मोल केवढे आहे, हे व्यसन जवळून पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. हाडे मोडून येणे, जुलाब, घाम, रात्ररात्र झोप नसणे, या यातनांच्या नुसत्या धास्तीने कितीतरी माणसे मनापासून सुटायचे असूनही पुन्हा त्याच वाटेला लागतात. म्हणूनच मला हा विषय गांभीर्याने घ्यावासा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा चमत्कार म्हणून होणारा प्रचार अस्वस्थ करतो.

आयबोगेन हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमच्या मार्गात अडथळा आणते, त्यामुळे ठोक्यांची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. शरीरात त्यापासून तयार होणारे नॉरआयबोगेन बराच काळ टिकते, त्यामुळे आयबोगेनने होणारे भ्रम ओसरले म्हणजे धोका टळला असे होत नाही. न्यूझीलंडमध्ये १४ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेकांचे व्यसन कमी झाले, पण एका व्यक्तीचा उपचारादरम्यान मृत्यू झाला. आधी ईसीजी आणि रक्ततपासणी न करता, हृदयावर सतत लक्ष ठेवणारे डॉक्टर हाताशी नसताना हे द्रव्य देणाऱ्या केंद्राला उपचारकेंद्र म्हणणे मला मान्य नाही.

काही अळंबींतून मिळणाऱ्या सायलोसायबिन या भ्रमकारक द्रव्याच्या बाबतीत पुरावा अधिक शिस्तीने गोळा झाला आहे. दारूच्या व्यसनावरील २०२२च्या अमेरिकी चाचणीत ९३ जण होते. औषधाच्या पहिल्या मात्रेनंतरच्या ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाच्या दिवसांचे प्रमाण सायलोसायबिन घेतलेल्यांमध्ये ९.७ टक्के, तर तुलनेसाठी वेगळे औषध दिलेल्या दुसऱ्या गटात २३.६ टक्के राहिले. आपल्याला कोणते औषध मिळाले हे बहुतेकांनी ओळखले होते, त्यामुळे अपेक्षेचाही परिणाम त्यात मिसळला असणार. मला मात्र आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: दोन्ही गटांना १२ आठवडे मानसोपचार मिळत होते, आणि औषधाची सत्रे त्यात फक्त दोन होती.

आयबोगेनबद्दल बोलताना नेमके हेच गाळले जाते. तलफ थांबलेले दिवस फार मौल्यवान असतात, पण त्या दिवसांत समुपदेशन, निवारा, काम आणि विश्वासाची माणसे लाभली नाहीत, तर माणूस जुन्याच परिस्थितीत परततो. हेरॉइनच्या बाबतीत हे परतणे जीवघेणे ठरते, कारण मध्यंतरी शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वी पचणारी मात्राच श्वास थांबवू शकते. त्यामुळे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या, हेरॉइनच्या व्यसनावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या औषधांवर स्थिरावलेल्या कुणीही या आशेने ते उपचार स्वतःहून सोडू नयेत. त्यातही मेथाडोन हृदयाच्या लयीवर आयबोगेनसारखाच परिणाम करू शकते, आणि दोन्ही शरीरात एकत्र येणे विशेष धोक्याचे असते.