गावाला जायला गाडी केवढी हवी?

गणपती जवळ आले की आमच्या भांडुपच्या सोसायटीत हा विषय निघतोच. यंदा दादानेच विचारलं, "सात सीटर घेऊ का रे?" कणकवलीपर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटर, माणसं पाच, आईचे गुडघे धरलेले आणि सामान तर विचारूच नका. मोठी गाडी म्हणजे आराम, हे त्याचं गणित मला अर्धंच पटतं.

पटतं ते खड्ड्यांपुरतं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त आणि टायर मोठे असले की हायवेच्या उखडलेल्या पट्ट्यांत गाडी कमी उसळते. पण आठ-दहा तास बसायचं ते सीटवर. ती किती उंच आहे आणि मांडीला गुडघ्यापर्यंत आधार देते का, हे गाडीच्या लांबीवरून कळत नाही. सीट बुटकी असली की आईला उतरताना दाराची कड धरून स्वतःला वर ओढावं लागतं. फार उंच असली तर चढताना पाय उचलत नाही. सीट नेमकी तिच्या कमरेच्या खाली आली, की ती आधी टेकते आणि मग पाय आत घेते. हे शोरूममध्ये तिला दोनदा बसवून-उतरवूनच कळतं.

सात सीटरची तिसरी रांगही स्वतः बसून बघावी. बहुतेक गाड्यांत ती मागच्या चाकांवर येते, गुडघे छातीशी येतात आणि धक्के सगळ्यात जास्त तिथेच बसतात. शिवाय ती उघडली की डिकी संपली. मग सामान टपावर, आणि टपावर सामान म्हणजे मायलेज गेलं.

मायलेजमध्ये गाडीच्या आकाराइतकाच तुमचा पाय महत्त्वाचा. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा विरोध वाढतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. उंच, रुंद गाडीला तो मुळातच जास्त. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो, त्यावर हिशेब करू नये. आमची १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक ८०च्या आसपास ठेवली की लिटरला अठरा देते, टाकी फुल ते टाकी फुल मोजून. मोठ्या पेट्रोल गाडीने बारा दिले, तर एका बाजूलाच बारा लिटरचा फरक पडतो. छोट्या इंजिनाची उणीव घाटात जाणवते. पाच माणसं, एसी चालू, की दुसरा गिअर सुटत नाही. कशेडीला बोगदा झाल्यापासून तेवढा त्रास वाचलाय.

निघण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा तिथे असतो, आणि पंपावरचा मुलगा तो विचारत नाही.

करही बघा. सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, मोठ्या गाडीला ४०. शिवाय आमचं स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायच्या. उंच गाडी तिथे मावतच नाही.

दादाला सांगितलंय, चार मीटरच्या आतली, उंच सीटची घे. सगळं खटलं निघेल त्या वर्षी मोठी गाडी भाड्याने घेऊ. रविवारी आईला घेऊन शोरूमला जातोय.